ब्लूज आणि जॅझ कसे ऐकावे

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्यांच्या कानांवर सकाळी भूपाळी, संध्याकाळी हरिपाठ आणि मधल्या वेळात बाजारभाव पडतात, त्यांना अमेरिकेतल्या ब्लूज आणि जॅझ नावाच्या संगीताशी काय कर्तव्य, असं कोणीही विचारील. मीही एके काळी हेच विचारीत होतो. मी गवई नाही. महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि पेटीवर दोन-चार भजनं कशीबशी वाजवतो, एवढीच माझी संगीतातली पुंजी. तेव्हा आज जे सांगणार आहे ते जाणकाराचं विवेचन नव्हे. परक्या गावी चुकतमाकत जाऊन आलेला माणूस शेजाऱ्याला रस्ता सांगतो, त्यातला हा प्रकार समजावा.

१९९९ साली मी एम.ए.च्या वर्गात होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत म्हापशाकडचा एक मुलगा होता. त्याचे आजोबा तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून ट्रंपेट वाजवीत. त्यांनी दिलेल्या कॅसेटी हा रोज रात्री जेवणानंतर लावायचा आणि डोळे मिटून पडायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, ही मंडळी अजून वाद्यं जुळवताहेत, की गाणं सुरू झालंय?" तो रागावला नाही. म्हणाला, "तुला तीनताल मोजता येतो ना? मग मोज. तीन-तीन आवर्तनांची एक फेरी धर, आणि काय होतं ते मला सांग." मी उशीवर बोटं आपटीत मोजू लागलो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या चुकल्या. पण पाचव्या-सहाव्या फेरीला गाणं कुठे वळणार हे वळण्याच्या आधीच मला कळू लागलं. ज्याला मी गोंगाट म्हणत होतो त्याला ओसरी आहे, माजघर आहे, परसदार आहे, आणि वाजवणारा त्या घरात रोजचा वावरणारा माणूस आहे, असं दिसू लागलं. त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

आता हे मोजायचं काय, ते सांगतो. ब्लूजच्या बहुतेक गाण्यांचा साचा एकच आहे. चार मात्रांचा एक विभाग, असे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. आपल्या हिशेबाने तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. अठ्ठेचाळीस मात्रा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. गाणं चार मिनिटांचं असो की चाळीस मिनिटांचं, ही फेरी सुटत नाही.

शिक्षक मंडळींना इथे एक विनंती आहे. आपल्या शाळेत प्रार्थनेची पेटी असेलच. एकदा मधल्या सुट्टीत ती पुढे ओढा आणि सा, ग, प हे तीन स्वर एकदम दाबून धरा. हे आपलं घर. आता म, ध आणि वरचा सा एकदम दाबा. हे शेजारचं घर. मग प, नि आणि वरचा रे. हे वेशीवरचं घर समजा. तिथे पाय फार वेळ ठरत नाही. आता तीनताल धरा. पहिल्या आवर्तनाच्या सोळाही मात्रा पहिल्या घरात काढा. दुसऱ्या आवर्तनात आठ मात्रा शेजारच्या घरी जा आणि उरलेल्या आठ मात्रांना परत आपल्या घरी या. तिसऱ्या आवर्तनात चार मात्रा वेशीवर, चार मात्रा शेजारी, आणि शेवटच्या आठ मात्रा घरी. झालं. जगातल्या हजारो गाण्यांचा सांगाडा आपल्या हाताखालून गेला. मी हा प्रयोग वर्गात केला तेव्हा मुलं आधी हसली, आणि चौथ्या फेरीला बाक वाजवू लागली.

या सांगाड्यावर शब्द बसवायची रीतही साधी आहे. पहिल्या आवर्तनात एक ओळ. दुसऱ्या आवर्तनात बहुधा तीच ओळ पुन्हा. पण खालची जमीन बदललेली असल्यामुळे तीच ओळ वेगळी लागते. तिसऱ्या आवर्तनात नवी ओळ येते. ती पहिल्या दोहींना उत्तर देते, किंवा त्यांच्यावर मल्लिनाथी करते, आणि यमक जुळवून फेरी पुरी करते. ओळ म्हणताना सोळाही मात्रा गायक भरीत नाही. नऊ-दहा मात्रांत तो बोलून मोकळा होतो आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. पोवाड्यात शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलायची, तसंच हे. फरक एवढाच की इथे पुष्कळदा शाहीर आणि झीलकरी एकच असतो. तोंडाने प्रश्न, आणि हातातल्या गिटारीने उत्तर.

एक गोष्ट मात्र पेटीवर दाखवता येणार नाही, आणि ब्लूजचा जीव नेमका तिथेच आहे. गाणारा गंधार लावतो तो पेटीतला शुद्ध गंधारही नसतो आणि कोमलही नसतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी तो स्वर राहतो, खालून वर सरकतो, पुन्हा उतरतो. निषादाचंही तसंच. आपण दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार ऐकलेला असेल, किंवा जोग रागात दोन्ही गंधार ऐकले असतील, तर हा स्वर आपल्या कानाला परका वाटणार नाही. उलट पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या माणसालाच तो आधी बेसूर वाटला. सोबतीच्या वाद्यात शुद्ध गंधार चालू असतो आणि गळा त्याच्यावर कोमलाच्या जवळ रेंगाळतो. ही जी घासाघीस होते, ती चूक नव्हे. ती मुद्दाम आहे.

गिटारीच्या दांड्यावर पडदे ठोकलेले असतात, म्हणून मींड काढायला ही मंडळी बाटलीची मान फोडून बोटात घालीत किंवा चाकूची पाठ तारेवरून फिरवीत. डब्ल्यू. सी. हॅंडी नावाचे एक शिकलेले, स्वरलेखन जाणणारे बँडमास्तर होते. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवाइलर या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहता पाहता त्यांना डुलकी लागली. जागे झाले तेव्हा शेजारी एक फाटक्या कपड्यांचा माणूस चाकू फिरवून गिटार वाजवीत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. हॅंडींनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की असलं विलक्षण संगीत त्यांनी आधी ऐकलंच नव्हतं. याच हॅंडींनी मग ब्लूज कागदावर उतरवले, छापले, आणि ते शहरांत पोचवले. त्या फाटक्या माणसाचं नाव मात्र कोणी विचारून ठेवलं नाही.

हे लोक कोण होते, हे कळल्याशिवाय नुसत्या मात्रा मोजून भागायचं नाही. आफ्रिकेतून धरून आणलेल्या, विकलेल्या माणसांची ही लेकरं. मालकांना त्यांच्या ढोलाची फार भीती. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांचं बंड झालं आणि पुढल्याच वर्षी कायदा करून त्यांना ढोल आणि शिंग वाजवायची बंदी घातली. ढोल गेला, पण ठेका कोण हिसकावून घेणार? तो टाळीत गेला, टाचेत गेला, कुऱ्हाडीच्या घावात गेला. आपल्याकडे कापणीला भलरी म्हणतात. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची आणि विळे एका लयीत चालायचे. तशीच गाणी तिकडे शेतात होती आणि पुढे तुरुंगांतही होती. मिसिसिपीतल्या पार्चमन नावाच्या तुरुंगात लाकडं फोडणाऱ्या कैद्यांची गाणी ॲलन लोमॅक्स यांनी १९४७-४८ साली ध्वनिमुद्रित केली. त्यांत तबला म्हणाल तर कुऱ्हाडी.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन मालकाचीच राहिली. मग हे मोकळे झालेले लोक अर्धेलीने कापूस पिकवू लागले. बियाणं, औत, पीठ, मीठ, सगळं मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा, आणि हंगाम संपल्यावर हिशेब वाचून दाखवणाराही तोच. बहुतेकांच्या नावावर वर्षाअखेर देणंच निघे. मराठवाड्यातल्या माझ्या श्रोत्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. हा ब्लूजचा जन्मकाळ आणि जन्मस्थान. त्या गाण्यांत रडारड असते असा एक समज आहे, तो खरा नाही. त्यांत चेष्टा आहे, शेलकी शिवी आहे, सोडून गेलेल्या बायकोवर राग आहे, दूर जाणाऱ्या आगगाडीची ओढ आहे. माझी आजी जात्यावर बसली की जात्याला देव मानून सासरचं सगळं त्याला सांगायची, आणि सांगता सांगता कोणाची तरी हळूच टरही उडवायची. ब्लूज गाणाराही पुष्कळदा दुःखालाच समोर बसलेला माणूस समजून त्याच्याशी बोलतो. पण हे साम्य फार ताणू नये. ओवी घरादाराची, पिढ्यांची असते. ब्लूजमध्ये "मी" फार ठळक असतो. ज्याला कालपर्यंत कायद्याने माणूस मानलं नव्हतं, त्याने चारचौघांत "मी" म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

आणि शेतीची तर त्यात बखरच आहे. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये सोंडेचा एक भुंगेरा शिरला आणि वर्षागणिक पुढे सरकत त्याने कापसाची बोंडं पोखरली. मिसिसिपीचे एक दमदार गायक चार्ली पॅटन यांनी १९२९ साली या किड्यावर गाणं ध्वनिमुद्रित केलं. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, त्याच्यावरही त्यांचं गाणं आहे. आमच्या भागात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्यानंतरच्या वर्षी मी हे वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा कधी तोंड उघडत नसे. त्याने हात वर केला. मला वाटलं संगीताविषयी काही विचारील. त्याने विचारलं, "सर, तिकडं पंचनामे झाले का?" वर्ग हसला, तो मात्र हसला नव्हता. अलाबामा राज्यातल्या एंटरप्राइझ नावाच्या गावाने कापूस बुडाल्यावर भुईमूग लावला, भुईमुगावर गाव सावरलं, आणि १९१९ साली गावकऱ्यांनी चौकात त्या किड्याचं स्मारक उभारलं, एवढं मी त्याला सांगितलं. अर्धेलीवाल्याला काय मिळालं, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. पण तास संपल्यावर त्याने पॅटनचं नाव वहीत लिहून घेतलं.

आता प्रत्यक्ष ऐकायला बसू. पूर्वी हे सगळं दुर्मीळ तबकड्यांत होतं. आता हातातल्या मोबाइलवर नाव घातलं की मिळतं. सुरुवात पॅटनपासून करू नये, असं माझं मत आहे. त्या तबकड्यांत खरखर फार, आणि नवा श्रोता खरखरच ऐकत बसतो. सुरुवात करावी बेसी स्मिथ या गायिकेपासून. कृष्णवर्णीय गायिकेच्या गळ्यातला ब्लूज तबकडीवर प्रथम आला तो १९२० साली, मेमी स्मिथ यांचा. तबकड्या धडाक्याने खपल्या आणि कंपन्यांचे डोळे उघडले. त्या लाटेत बेसी पुढे आल्या आणि सर्वांच्या डोक्यावरून गेल्या. १४ जानेवारी १९२५ रोजी त्यांनी हॅंडींचं "सेंट लुइस ब्लूज" गायलं. तेव्हा विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणाला येऊ लागायचा होता. भोंग्यासमोर उभं राहून गायचं आणि आवाजाच्या जोरानेच सुईने मेणावर रेघ ओढायची. साथीला दोनच माणसं. एक लुई आर्मस्ट्रॉंग, कॉर्नेटवर. दुसरे फ्रेड लॉंगशॉ, आणि त्यांच्या हाताखाली काय आहे म्हणाल, तर आपली पेटी! हार्मोनियम. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत पेटीचा भरणा ऐकला की आपल्याला एखाद्या देवळातल्या भजनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बेसी ओळ म्हणतात, थांबतात, आणि त्या थांबण्यात आर्मस्ट्रॉंग हळूच उत्तर देतात. गाण्याच्या मध्यावर सोळा विभागांचा वेगळा तुकडा येतो, तिथे मोजणी चुकेल; चुकू द्यावी. हे गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं आहे. रोज एकदा असं आठ दिवस ऐकावं आणि दुसरं काही ऐकू नये.

ज्यांना गिटारीवरचा ब्लूज हवा, त्यांनी मडी वॉटर्स यांच्याकडे जावं. ते मळ्यावर ट्रॅक्टर हाकीत. १९४१ साली लोमॅक्स त्यांच्या झोपडीवर यंत्र घेऊन पोचले आणि मडींनी स्वतःचा आवाज प्रथम बाहेरून ऐकला. दोन वर्षांनी ते शिकागोला निघून गेले. त्या काळात लाखो माणसं दक्षिणेचे मळे सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे चालली होती, त्यांतले ते एक. शिकागोच्या गुत्त्यांतल्या गलक्यात साधी गिटार कोणाला ऐकू येईना, म्हणून ती विजेवर आली. पुढे इंग्लंडच्या पोरांनी हे ऐकलं आणि रॉक संगीत जगभर गेलं. पण तो आजचा विषय नाही.

जॅझकडे वळतो. जॅझ आणि ब्लूज हे सख्खे भाऊ नव्हेत, पण एका ताटात जेवलेले आहेत. जॅझचं मूळ गाव न्यू ऑर्लिन्स, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर दर रविवारी गुलामांना ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. असं दुसरीकडे फारसं नव्हतं. शिवाय फ्रेंच, स्पॅनिश, कॅरिबियन अशी सरमिसळ वस्ती, आणि गल्लोगल्ली बँड. कोणी गेलं की बँड प्रेतयात्रेबरोबर संथ, जड पावलांनी वाजवीत जातो, आणि दफन करून परतताना तोच बँड नाचरी चाल धरतो. आपल्याकडे भजनी मंडळ शेवटच्या वाटेवर सोबत करतं. पण परतताना नाचायचं धाडस आपण केलेलं नाही.

त्याच गावात १९०१ साली लुई आर्मस्ट्रॉंग जन्मले. घरची अतोनात गरिबी. नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून पोरवयात त्यांना सुधारगृहात धाडलं, आणि तिथल्या बँडमध्ये त्यांच्या हातात कॉर्नेट आलं. पुढची पंधरा वर्षं मी गाळतो. २८ जून १९२८ रोजी त्यांनी शिकागोत "वेस्ट एंड ब्लूज" वाजवलं. जॅझची पायरी चढायला याच्याइतकी भक्कम तबकडी दुसरी नाही. सुरुवातीला ट्रंपेट एकटंच, ठेक्याविना, बारा-तेरा सेकंद. एखादा कसलेला गवई षड्ज लावायच्या आधीच तान घेऊन सभेला दचकवतो, तसं. मग ठेका सुरू होतो, तिथून मोजा. लय संथ आहे. साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी. पहिली फेरी सर्वांची. दुसरी ट्रॉम्बोनची. तिसऱ्या फेरीत क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्रॉंग यांचा गळा यांची सवाल-जबाबी. शब्द नाहीत, नुसते स्वर, आपल्या आकारासारखे. चौथी अर्ल हाइन्स यांच्या पियानोची. पाचव्या फेरीला आर्मस्ट्रॉंग वरच्या सप्तकात एक स्वर लावतात आणि जवळजवळ चार विभाग तो सोडीतच नाहीत. सोळा मात्रा! आपला श्वास अडकतो, त्यांचा नाही.

इथे जॅझचं मर्म हाती लागतं. आधी ठरलेली चाल, मग प्रत्येकाने त्याच फेरीवर आपापला विस्तार तिथल्या तिथे रचायचा, आणि शेवटी पुन्हा चाल. बंदीश आणि बढत आपल्याला नवी नाही. पण जिथे साम्य संपतं ते ठिकाण नीट पाहून घ्यावं, नाहीतर माझ्यासारखी फसगत होते. आपल्या ख्यालात तंबोरा एकच षड्ज धरून असतो. जमीन हलत नाही. जॅझमध्ये जमीनच दर विभागाला सरकते, आणि वाजवणाऱ्याला सरकत्या जमिनीवर आपली वाट काढायची असते. दुसरं, सम. पहिल्या मात्रेवर मान डोलवायची आपली सवय. ही मंडळी एक-दोन-तीन-चार मधल्या दोनवर आणि चारवर टाळी देतात. आणि मात्रेचे दोन भाग ते सारखे करीत नाहीत. पहिला लांब, दुसरा तोकडा. त्यामुळे सगळी लय दुडक्या चालीने निघालेल्या घोड्यासारखी होते. दोन आणि चार यांवर टाळी द्यायला मला महिना लागला. घरची माणसं दार लावून घेत.

ही कला वाढली ती कोणत्या हवेत, हेही सांगायला हवं. १९२७ च्या अखेरीपासून ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबात वाजवू लागले. तिथून रेडिओवरून त्यांचं नाव देशभर झालं. क्लबात वाजवणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय. सजावट गुलामगिरीच्या काळातल्या मळ्याची. आणि गिऱ्हाईक म्हणून प्रवेश फक्त गोऱ्यांना. ज्यांच्या सनईवाचून आमच्या गावात लग्न लागत नसे त्यांची पंगत शेवटी, मांडवाबाहेर बसायची. हे मी लहानपणी पाहिलेलं आहे, त्यामुळे कॉटन क्लबाचं मला नवल वाटलं नाही. लाज मात्र वाटली, आणि ती तिकडची नव्हे.

न्यूयॉर्कच्या एका शिक्षकाची गोष्ट याच ओघात सांगतो. एबल मीरोपोल हे हायस्कुलात शिकवीत. जमावाने झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांचं एक छायाचित्र त्यांनी पाहिलं, ते त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी कविता लिहिली. ती १९३७ साली शिक्षक संघाच्या नियतकालिकात छापली गेली. मग त्यांनीच तिला चाल लावली. १९३९ साली बिली हॉलिडे यांनी ते "स्ट्रेंज फ्रूट", म्हणजे विचित्र फळ, हे गाणं एका क्लबात गायला सुरुवात केली. गाण्याआधी वाढपी थांबत, दिवे मालवत, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर एक झोत राही, आणि गाणं संपल्यावर त्या परत येऊन नमस्कार करीत नसत. त्यांच्या नेहमीच्या तबकडी कंपनीने हे गाणं ध्वनिमुद्रित करायचं नाकारलं. एका लहान कंपनीने ते केलं. हा बारा विभागांचा ब्लूज नाही, इथे मोजायचं काही नाही. बिलींचा आवाज लहान, पल्ला बेताचा. शब्द किंचित उशिरा टाकायची त्यांची लकब तेवढी ऐकावी.

आपल्याकडे हे संगीत आलंच नाही असं मात्र समजू नये. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड हे शिकागोत नाव काढलेले पियानोवादक ताजमध्ये वाजवू लागले. ते पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ साली तिथेच पटकीने वारले. त्यांच्या हाताखाली आणि त्यांचं ऐकून गोव्याची पोरं तयार झाली. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकवीत, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवता येणारे वादक मुंबईला तिथूनच मिळत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत आणि भारताचे आर्मस्ट्रॉंग मानत. रात्री हॉटेलात वाजवून हे लोक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी भगवानदादांच्या १९५१ सालच्या "अलबेला"ला संगीत दिलं, त्यात चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट आहे, आणि पडद्यावर ते स्वतः आपल्या साथीदारांसह दिसतातही. तेव्हा माझ्या वडीलधाऱ्या श्रोत्यांनी जॅझ कधीच ऐकलेला आहे. तंबूतल्या सिनेमात त्याच्यावर शिट्ट्याही मारलेल्या आहेत.

बेसी आणि आर्मस्ट्रॉंग पचले की माइल्स डेव्हिस यांची "काइंड ऑफ ब्लू" ही तबकडी घ्यावी. ती १९५९ च्या मार्च आणि एप्रिलात दोन बैठकांत झाली. त्यातला "फ्रेडी फ्रीलोडर" हा पावणेदहा मिनिटांचा तुकडा आपल्या ओळखीच्या बारा विभागांचाच आहे; फक्त शेवटच्या दोन विभागांत घर यायचं तिथे ते कोमल निषादावर जाऊन बसतात. ते आडवळण आपल्या कानाने पकडलं, की समजावं आपण आत शिरलो. काही विद्वान जॅझ जितका अवघड तितका थोर असं सांगतात. त्यांच्या नादी पहिल्या वर्षी तरी लागू नये.

शेवटी एकच नाव देतो. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी, अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी "अलाबामा" नावाची एक रचना वाजवली. पाचेक मिनिटांची आहे, शब्द नाहीत. पियानो खालच्या सप्तकात तंबोऱ्यासारखा घुमत राहतो आणि त्याच्यावर सॅक्सोफोन लयीशिवाय, सावकाश, आलापासारखा बोलत जातो. मधे थोडा वेळ ठेका येतो, आणि पुन्हा जातो. ही रचना रात्री, सगळी निजल्यावर लावावी, आणि त्या वेळी बोटांवर काही मोजू नये.